स्टेपनीमागची वीतभर रेघ

जीपला घरीच रंग द्यायचा ठरला तेव्हा बोर्डवालीला एकसष्टावं लागलं होतं, आणि जीपही तिच्याहून फार धाकटी नव्हती. दोघींचेही सांधे कुरकुरायचे. फरक एवढाच, की जीप वंगण घातलं की गप्प बसायची.

बोर्डवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण अर्ध्या गावाला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. तिच्या वडिलांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दवाखाना, शाळा, पिठाची गिरणी, सायकलचं दुकान, कोणाचीही पाटी असो, अक्षर यांच्या घरचं. बाबांना दोन मुलं, ही थोरली आणि तिच्या पाठचा भाऊ. भाऊ डावखुरा. शाळेत मास्तर त्याच्या डाव्या हातावर छडी मारायचे. बाबा एक दिवस शाळेत गेले आणि हात जोडून म्हणाले, "मास्तर, हा हात मोडू नका. माझ्याकडे उजवा एक आहे, डावा मी देवाकडे मागून घेतलाय."

मागून घेतला होता की नव्हता, देव जाणे. पण उपयोगी पडला खरा. लांबलचक पाटी असली की ही डावीकडून पहिलं अक्षर धरायची आणि तो उजवीकडून शेवटचं. ओल्या रंगावर कोणाचंच मनगट घासायचं नाही. दोघं रंगवत रंगवत पाटीच्या मध्यावर यायची, खांद्याला खांदा लागायचा, आणि ज्याचं मधलं अक्षर राहिलं असेल त्याने चहा करायचा. चहा बहुतेक वेळा तिलाच करावा लागे. डावरा वाऱ्यासारखा रंगवायचा. डावरा हे नाव तिनेच पाडलेलं.

बाबा अक्षरांपेक्षा रेघेला जास्त जपायचे. पट्टी लावायची नाही, चिकटपट्टी लावायची नाही; लांब केसांचा ब्रश घ्यायचा, श्वास रोखायचा आणि चालत चालत ओढायची. "रेघ माणूस ओढतो, सरळ देव ठेवतो," म्हणायचे. मग हळूच पुढे जोडायचे, "पण आधी खडूची खूण मात्र माणसानेच करून ठेवावी. देवाला कामं असतात."

जीप आली ती एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या लिलावातून. डोंगरातल्या वस्त्यांवर, धरणाच्या कामावर पाट्या न्यायला चारही चाकांना जोर असलेली गाडी हवीच होती. बहीणभावाने पहिली कमाई घालून ती घेतली. पत्र्याच्या टपाची, अंगभर गंजलेली, पण कंबरभर ओढ्यातून आणि मुरमाच्या चढावरून निमूटपणे जाणारी. चालवायला आधी तो शिकला, मग त्याने तिला शिकवलं. रंगाचे मात्र घरात दोनच डबे शिल्लक होते, शाळेचे फळे रंगवून उरलेला गडद हिरवा आणि दवाखान्याच्या भिंतींचा सायीसारखा पांढरा. दोन्ही अर्धे-अर्धे. एकाने अख्खी जीप झाकली जाईना. मग वर साय, खाली हिरवा. हौस म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून. पण जीप अशी काही खुलली, की रस्त्यावरचे लोक तिला 'दुरंगी' म्हणायला लागले.

आणि त्या वेळी यांनी जी चूक केली, ती पाट्या रंगवणाऱ्यांनीच करावी. दोन रंगांमधली रेघ सरळ यावी म्हणून त्यांनी पाण्याची नळी आणली. भिंतीवर लांब पाटी बसवताना दोन टोकं एका पातळीत आहेत का, हे बघायला पाणी भरलेली ती पारदर्शक नळी धरतात, तीच. पुढे तो, मागे ही, पाणी स्थिर झालं की खूण. अगदी चोख काम. पण भिंत हलत नसते आणि जीप हलते, एवढं दोघांच्या ध्यानात आलं नाही. अंगण होतं उतरतं, पाणी फाटकाकडे वाहून जावं म्हणून. रेघ पाण्याच्या पातळीत आली, आणि जीप होती उतारावर, नाक वर घराकडे करून. फाटकाबाहेरच्या सपाट रस्त्यावर दुरंगी निघाली, तर रेघ पुढून खाली असलेली मागे चांगली चार बोटं वर चढलेली!

"ही चाललीय की उतरतेय?" बाबा कपाळाला हात लावून म्हणाले. "पुसा आणि पुन्हा ओढा."

"राहू दे बाबा," डावरा म्हणाला होता. "घरी आली की सरळ होते ना? तेवढं पुरे."

तशीच राहिली. पंधरा वर्षं ती जीप गावभर तिरकी फिरली आणि संध्याकाळी अंगणात येऊन सरळ झाली.

पुढे छापील फलक आले आणि हाताच्या अक्षराला कोणी विचारेना. डावरा परदेशात जहाजं रंगवायच्या कामावर गेला. त्याला चोवीस वर्षं झाली. तिकडेच लग्न, तिकडेच मुलगी. बाबा गेले तेव्हा चार दिवस आला, त्यातले दोन झोपेत आणि दोन रडण्यात गेले. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई आणि दर वर्षी एक वाक्य ठरलेलं असे, "ताई, या वर्षी नक्की." तिने ते वाक्य कधी खोडलं नाही. देवापुढे बसली की सगळ्यांचं मागून झाल्यावर शेवटी ती तेवढंच पुटपुटायची, या वर्षी नक्की.

या वर्षी त्याने तारीखच सांगितली. पुढच्या महिन्याची पंचवीस. वर विचारलं, "दुरंगी आहे ना गं अजून?"

"आहे. अंगावर गंजाचे फोड आलेत. तुझी वाट बघून आलेत."

"मग रंगवू. मी आलो की. तुझी बाजू तू, माझी मी."

तुझी-माझी म्हणजे काय, ते ठरलेलंच होतं. जीपच्या डाव्या बाजूला उभं राहिलं, की नाकापासून शेपटीकडे जाताना रेघ डावीकडून उजवीकडे जाते. ती तिच्या हाताची. चालकाच्या बाजूने नाकापासून निघालं, की उजवीकडून डावीकडे, ती त्याची. दोघांनी एकाच वेळी पुढच्या जाळीपासून निघायचं आणि मागे, स्टेपनी काढून ठेवलेल्या जागी, भेटायचं.

दुसऱ्याच दिवशी तिने डोक्याला फडकं बांधलं आणि कामाला लागली. तयारी तरी पंचवीसच्या आत व्हायला हवी. तिचे यजमान एस. टी. तून निवृत्त झालेले कंडक्टर, लग्नानंतर याच घरात राहायला आलेले. आयुष्यभर गर्दीला पुढे सरकवलेला माणूस, घरात स्वतः मात्र जागचा हलत नसे. खुर्ची टाकून तो अंगणात बसला.

"अहो, नुसते बसू नका. ते आरसे काढा, दाराच्या मुठी काढा."

"सुटे स्क्रू ठेवू कशात?"

"तुमच्या त्या जुन्या चामडी पिशवीत ठेवा. तेवढीच ती पुन्हा खुळखुळेल."

पाण्यात बुडवून घासकागदाने तिने सगळा पत्रा घासला. बोटांची टोकं सोलवटली. जुना हिरवा निघाला, त्याखालून खाणीचा पिवळा, त्याखालून कोणा लष्कराचा मातकट. "बाईमाणसाचं वय असं खरवडून बघू नये," कंडक्टर म्हणाला. खड्ड्यांत लांबीचं लुकण भरलं, ते घासलं, त्यावर तांबड्या प्रायमरचा हात दिला. समोरचा गॅरेजवाला मिस्त्री रोज येता-जाता कमरेवर हात ठेवून बघायचा.

"ताई, कशाला जीव काढता? माझ्याकडे आणा. मशिनने दोन तासांत फुसफुस करून देतो. रेघही तिरकी आहे, ती या खेपेला बॉडीवरून माप घेऊन सरळ करू."

"तिरकी नाही ती. रस्ता तिरका आहे."

मिस्त्रीने कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टरने दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे बघू नका. माझं तिकीट पस्तीस वर्षांपूर्वीच फाडलंय."

घासण्याआधीच तिने जुन्या रेघेच्या खुणा खिळ्याने पत्र्यावर बारीक टोचून ठेवल्या होत्या. चार बोटांचा फरकही जसाच्या तसा. तो येईल, फाटकातून बघेल आणि त्याला ती सरळ दिसेल. दुसरं काही तिला नको होतं.

अंगणात पाणी मारून धूळ बसवली, दोन दोऱ्यांवर जुन्या चादरी टाकून आडोसा केला, आणि तिने सायीचा पांढरा आधी अंगभर दिला, वरपासून पार खालपर्यंत, दोन हात. तीन दिवस वाळू दिला. आता त्यावर फक्त हिरवी रेघ यायची होती आणि रेघेखाली हिरव्याचं भरण. एकवीस तारीख आली. बावीस आली. तेवीस तारखेला तिला राहवेना. आपली बाजू तेवढी करून ठेवावी, म्हणजे तो आल्या आल्या ब्रश हातात घेईल. तिने देवाला हात जोडले, श्वास रोखला आणि नाकापासून निघाली. एकसष्टाव्या वर्षी हात थोडा थरथरतो, पण चालताना थरथरत नाही. चाकाची कमान, दार, मागचं दार, कोपरा. वळून ती स्टेपनीच्या जागेपर्यंत आली आणि मध्यावर थांबली. खाली हिरवा भरला. दुरून बघितलं तर अर्धी जीप नटून बसलेली आणि अर्धी नुसती पावडर लावून.

"फोटो काढू का?" कंडक्टर म्हणाला. "दोन्ही बाजूंनी काढला तर दोन जीपा वाटतील."

चोवीस तारखेला फोन आला. रविवार नव्हता, म्हणून ती भरणाचा दुसरा थर अर्धा टाकून, हात न पुसताच धावली. फोनला हिरवा रंग लागला.

"ताई, माझं नाही जमत गं."

तिने मोकळा हात डोक्याच्या फडक्याला पुसला.

"सुट्टी... सुट्टीचा जरा घोटाळा झालाय."

"डावऱ्या, मास्तरांशीसुद्धा तू असंच खोटं बोलायचास. आवाज बारीक करून. काय झालंय?"

मग तो म्हणाला, "हात गेलाय ताई."

"गेलाय म्हणजे?"

"तसा आहे जागेवर. पण बोटं बधिर झालीत. इतकी वर्षं ते थरथरतं मशीन धरून गंज उडवायचा, त्याने. शर्टाची बटणं बायको लावते. चार वर्षं झाली."

"चार वर्षं! आणि दर वर्षी नक्की येतो म्हणत होतास?"

"बरं होईल वाटायचं. डॉक्टर औषधं देत होते. या वेळी खरंच तिकीट काढलं होतं. मग परवा घरी कागदावर एक रेघ ओढून बघितली. वीतभर." तो हसायचा प्रयत्न करत होता. "गांडूळ बरं. तू अंगणात ब्रश धरून उभी असणार आणि मी काय, बाजूला खुर्ची टाकून बसू? भावोजींसारखा?"

भावोजी शेजारीच उभे होते. त्यांना ऐकू गेलं. त्यांनी राग मानला नाही.

"तू ये रे," ती म्हणाली. "रेघेचं काय घेऊन बसलास?"

"बघतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

पुढचे आठ दिवस तिने जीपकडे पाहिलं नाही. चादरी खाली सोडून ठेवल्या. स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, देवापुढे बसली; पण शेवटचं वाक्य काय म्हणावं ते कळेना, म्हणून तशीच उठून यायची. एकदा तिने माळ्यावरची पेटी काढली. डावऱ्याचा ब्रश तेलाचा हात लावून फडक्यात गुंडाळलेला होता; दर दिवाळीला नव्हे, दर महिन्याला ती त्याला तेल देई. तो घेऊन तिने जुन्या पत्र्यावर एक रेघ ओढून बघितली. ब्रशने ऐकलं नाही. त्याचे केस इतक्या वर्षांत डाव्या हाताला झुकून गेले होते. उजव्या हातात ते विस्कटले आणि रेघ दुभंगली. तिला हसूही आलं आणि मग दुसरंही आलं. ब्रशसुद्धा मालकाचाच.

शेवटी कंडक्टरच बोलला. "अगं, किती दिवस अशी अर्धी ठेवणार? लोक विचारतात."

"त्याची बाजू आहे. माझा हात त्या अंगाने चालत नाही. पुढून निघाले तर मनगट ओल्या रंगावर येतं."

"मग पुढून निघू नकोस. मागच्या दाराने चढ आणि पुढच्या दाराने उतर. पस्तीस वर्षं मी हेच ओरडत होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खरंच की. मागून निघालं तर चालकाची बाजूही डावीकडून उजवीकडेच जात होती. इतकी साधी गोष्ट, आणि आयुष्यभरात तिला सुचली नव्हती. सुचायचं कारणच पडलं नव्हतं. आता सुचली, आणि तिला अजिबात आनंद झाला नाही. म्हणजे एवढी वर्षं आपण एकटीनेच अख्खी जीप रंगवू शकत होतो? मग तो कशाला लागत होता?

दुपारभर हा काटा तिला टोचत राहिला. चहा गाळताना तिला बाबांचं बोलणं आठवलं, डावा मी देवाकडे मागून घेतलाय. मागितलेलं माणूस काय फक्त कामापुरतं मागतात? काम नसतं तरी मागितलंच असतं की. तिने कप तसाच ठेवला आणि चादरी वर केल्या.

स्टेपनीच्या जागी तिची रेघ जिथे थांबली होती, तिथे तिने उजव्या हाताचा पंजा ताणून पत्र्यावर ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एक वीत. करंगळीपाशी खडूची खूण केली आणि तिथून पुढे ब्रश टेकवला. मागून पुढे, कोपरा, दार, चाकाची कमान. त्याच्या बाजूने ब्रश घेऊन ती पहिल्यांदाच चालत होती. दाराच्या मुठीखाली पत्र्याला एक पोचा होता, लुकण भरूनही पुरता न बुजलेला; या खेपेला घासेपर्यंत तो तिने कधी पाहिलाच नव्हता. ओढ्यातल्या दगडाचा असणार. त्याने सांगितलं नव्हतं. तिथे हात क्षणभर अडखळला, पण रेघ तुटली नाही. नाकापाशी पोचली तेव्हा तिचा श्वास संपला होता.

भरण झालं. कडेने हात फिरवून झाला. मागे मात्र वीतभर जागा तशीच राहिली, हिरव्या रेघेत दवाखान्याच्या पांढऱ्याचा एक तुकडा, पडलेल्या दातासारखा.

मिस्त्री स्टेपनी बसवायला आला आणि थबकला. "ताई, इथे राहिलं की."

"राहू दे."

"वीतभरासाठी? आणा इकडे ब्रश, मीच..."

"हात लावलास तर बघ!" ती इतक्या जोरात म्हणाली, की कंडक्टर खुर्चीतून उठून उभा राहिला. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "चहा घेणार का रे?" ती म्हणाली.

मिस्त्रीने निमूट स्टेपनी चढवली, नट लावले आणि पाना उचलला.

"पाना नको. हातानेच आवळ."

"अहो ताई, रस्त्यात सुटेल ना!"

"रस्त्यात न्यायचीच नाहीये इतक्यात."

मधला एक रविवार फोनाविना गेला होता. या रविवारी फोन आला. आधी इकडचं-तिकडचं झालं, हवा, गुडघे, मुलीची परीक्षा. मग तो म्हणाला, "केलीस का माझी बाजू?"

"केली. मागून पुढे."

"मागून..." तो थांबला, मनातल्या मनात जीपभोवती फिरून आला असावा. "अरेच्चा! होते की मग. आम्ही उगाच भाव खात होतो." हसला, पण हसणं पोकळ होतं. "मागे नीट जुळली का गं?"

"नाही."

"नाही? तुझी चुकली? किती?"

"एक वीत."

"वीतभर! ताई, बाबा असते तर..." आणि तो एकदम गप्प झाला.

पाटीच्या मध्यावर यायला त्याला कधी फार वेळ लागत नसे.

"वाकडी येईल," तो म्हणाला. आवाज बारीक केलेला नव्हता.

"येऊ दे. वरून स्टेपनी आहे."

"ब्रश धरता येत नाही ताई. खरंच."

"मुठीत धर. जेवतोस ना चमच्याने? का तेही बायको भरवते?"

"तूच भरवायचीस आधी."

"म्हणूनच बिघडलास. आणि ऐक, चहा तू करायचास. तुझं राहिलंय, माझं झालंय."

पलीकडे काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. किंवा तो नाक ओढत होता. "तारीख नाही सांगत या वेळी," तो म्हणाला.

"नको सांगूस."

फोन ठेवून ती अंगणात आली. ऊन कलतं होतं. जीप उतारावर उभी होती आणि रेघ सरळ होती, अगदी नळीतल्या पाण्यासारखी. तिने फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघितला. मग परत येऊन स्टेपनीचे नट एकेक करून चाचपले. हाताने आवळलेलेच होते. त्यातला एक जरा घट्ट वाटला, बधिर बोटांना तो सुटला नसता; तो तिने अर्धा फेरा सैल केला आणि आत जाऊन देवापुढे बसली.